दिसत नाही ते खोटे का?

‘दिसायला तर चांगली धडधाकट दिसते!’

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात हे वाक्य हमखास कानावर पडते. कुणाची सून तीन रविवार दिसलेली नसते. कुणाचा मुलगा शाळेला सारख्या दांड्या मारत असतो. कुणी तरुण मुलगी सणाच्या तयारीला, झाडलोटीला फिरकलेली नसते. विचारपूस होते, ‘बरे नसते हो’ असे उत्तर मिळते, आणि उत्तर देणाऱ्याची पाठ वळली की वरील वाक्य उच्चारले जाते. पाय मोडला असता तर प्लास्टर दिसले असते. कांजिण्या आल्या असत्या तर अंगावर फोड दिसले असते. मधुमेह, थायरॉईड, आकडी, संधिवात, अर्धशिशी, मनाला ग्रासून टाकणारी उदासी यांना प्लास्टर नसते. माणूस चालतो, बोलतो, कधी हसतोही. मग दुखते कुठे?

वाचकहो, न दिसणाऱ्या दुखण्यावर विश्वास ठेवणे हा निव्वळ चांगुलपणा आहे की ते आपले कर्तव्य आहे, हा प्रश्न आम्ही आज मांडत आहोत. आमच्या मते ते कर्तव्य आहे. आणि ते पार पाडण्यासाठी जो गुण लागतो तो मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांत, त्यातही एकट्या पडलेल्या मुलांत जास्त आढळतो. गंमत अशी की, त्याच गुणाबद्दल आपण मुलांना ओरडतो.

तो गुण म्हणजे कल्पनाशक्ती. आईवडील सकाळची विरार लोकल पकडून कामाला गेलेले, घरी आजी आणि टीव्ही. अशा घरातले एकुलते एक मूल कधी कधी खोलीत कुणाशी तरी बोलताना आढळते. डोकावून पाहावे तर खोलीत कुणी नाही. आजी घाबरते, काही बाधा तर झाली नाही ना म्हणून कपाळावर क्रूसाची खूण करते. शेजारीण म्हणते, ‘खोटे बोलायची सवय लागली आहे त्याला.’ दोघींचाही अंदाज चुकीचा असतो. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर यांनी या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वयाच्या सातव्या वर्षापर्यंत ६५ टक्के मुलांना केव्हा ना केव्हा असा काल्पनिक सोबती असल्याचे आढळले. यात जिच्याशी मूल जिवंत माणसासारखे बोलते ती बाहुलीही धरली आहे. विशेष म्हणजे आपला सोबती खरा नाही हे मुलांना पक्के ठाऊक असते. प्रश्न विचारणाऱ्या मोठ्या माणसाची गल्लत होऊ नये म्हणून काही मुले मध्येच थांबून त्याला समजावतातही.

तेव्हा कल्पना म्हणजे खोटेपणा नव्हे. खोटे बोलणारा दुसऱ्याला फसवू पाहतो. कल्पना करणारे मूल न दिसणाऱ्याला जागा करून देते. ताटातला एक घास त्याच्यासाठी बाजूला ठेवते. बाकावर थोडे सरकून बसते.

अशाच एका एकुलत्या एका मुलीची हकिकत येथे सांगावीशी वाटते. तिचे नाव फ्लॅनरी ओकॉनर. पुढे ती अमेरिकेतील नामांकित कथालेखिका झाली. तिचा जन्म २५ मार्च १९२५ रोजी, म्हणजे गाब्रिएल दूताने मरियेला निरोप दिला त्या घटनेच्या सणाच्या दिवशी, जॉर्जिया राज्यातील सव्हाना या शहरात झाला. घर कॅथलिक. घरासमोरच्या चौकापलीकडे संत जॉन बाप्टिस्टाचे कॅथिड्रल. आजूबाजूचा मुलूख मात्र प्रॉटेस्टंट पंथीयांचा. मुलीला भावंड नव्हते. तिची सोबत कोंबड्यांची. पाच-सहा वर्षांची असताना तिची एक कोंबडी उलट्या पावली चालते म्हणून बातमीपटवाले तिचे चित्रण करायला आले होते. पुढे तिने एका कोंबड्याला लेसची कॉलर असलेला पांढरा कोट शिवला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची एक गोष्ट तिने मोठेपणी एका पत्रात सांगितली आहे. शाळेतल्या धर्मभगिनींनी शिकवले होते की, प्रत्येकासोबत एक रक्षक देवदूत सदैव असतो. आपल्या धर्मशिक्षण वर्गातही हेच शिकवतात आणि मुले मुकाट्याने पाठ करतात. या मुलीने ते पाठ करून सोडून दिले नाही. आठ ते बारा वर्षांची असताना ती अधूनमधून एका खोलीत स्वतःला कोंडून घेई आणि मुठी वळून गरागरा फिरत त्या देवदूताला ठोसे मारी! सतत पाळतीवर असलेला हा सोबती तिला नको होता. कुणाला यात पाप दिसेल. आम्हाला तसे वाटत नाही. जो नाहीच, त्याला कुणी ठोसे मारीत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते खरोखर येथे, या खोलीत आहे, असे त्या मुलीने धरले होते. आपल्यातील किती मोठी माणसे इतके धरून चालतात?

फ्लॅनरी पंधरा वर्षांची असताना १९४१ साली तिचे वडील गेले. आजाराचे नाव ल्युपस. हा आजार मुलखावेगळा आहे. रोगजंतूंशी लढण्यासाठी देवाने शरीरात जी संरक्षक फौज ठेवली आहे ती आपल्याच शरीरावर उलटते. सांधे, कातडी, मूत्रपिंडे, काहीही तिच्या तावडीत सापडते. दर दहा रुग्णांमागे सुमारे नऊ स्त्रिया असतात. ऊन सोसत नाही, थकवा असा की अंथरुणावर उठून बसणे जड जावे. आणि हे सगळे कधी वाढते, कधी ओसरते. काल अंगणात हिंडणारी बाई आज निजून असते. पाहणाऱ्याला वाटते, हिचे मनावर आहे.

१९५० साली पंचवीस वर्षांची फ्लॅनरी घरापासून दूर, कनेक्टिकट राज्यात एका स्नेही कुटुंबाकडे राहून पहिली कादंबरी पुरी करीत होती. नाताळसाठी आगगाडीने घरी येताना ती गाडीतच अत्यवस्थ झाली. आधी संधिवात म्हणून उपचार झाले. पुढे डॉक्टरांना खरे कारण कळले, ते त्यांनी आईला सांगितले, आणि आईने ते मुलीपासून लपवून ठेवले. त्या माऊलीला दोष देणे सोपे आहे. याच आजाराने नवरा गेलेला तिने पाहिला होता. पण परिणाम काय झाला? दीड वर्ष मुलगी औषधे घेत होती आणि आपल्याला नेमके काय झाले आहे हे तिला कुणी सांगत नव्हते. १९५२ च्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीने धीर करून तिला खरे नाव सांगितले. तेव्हा तिने मैत्रिणीचे आभार मानले. तिला स्वतःला ल्युपसची शंका होतीच, पण आपले डोके तर फिरलेले नाही ना, अशीही भीती वाटू लागली होती. त्यापेक्षा आजारी असणे पुष्कळ बरे, असे ती म्हणाली.

येथे थोडे थांबावे. न दिसणाऱ्या आजाराची सगळ्यात मोठी शिक्षा वेदना ही नसते. आजूबाजूचे सगळे ‘काही नाही, काही नाही’ म्हणत राहिले की रुग्णाचा स्वतःवरचा विश्वास उडतो. पंचवीस वर्षांच्या बुद्धिमान बाईची ही गत, तर आठ वर्षांच्या मुलाचे काय होत असेल? त्याच्याजवळ शब्दही पुरेसे नसतात. त्याला ‘पोट दुखते’ एवढेच सांगता येते, मग दुखणे पोटात असो की आणखी कुठे.

आपल्याकडे लपवालपवी होते तिचे कारण बहुधा लग्न. मुलीला आकडी येते, मुलगा लहानपणापासून इन्सुलिन घेतो, हे बाहेर कळले तर स्थळ कसे येणार? मग गोळ्या कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवल्या जातात. इंजेक्शन दार लावून घेतले जाते. शाळेत वर्गशिक्षिकेला सांगितलेले नसते. साखर एकदम उतरली म्हणून मुलाने वर्ग चालू असताना बिस्किट तोंडात टाकले की तो हावरट ठरतो. साखर चढली म्हणून सारखा लघवीला जातो तर अभ्यास टाळणारा ठरतो. आईवडिलांची भीती आम्ही समजू शकतो. स्थळे खरोखरच मोडतात. पण मूल यातून एकच धडा घेते की, माझ्या शरीरात काहीतरी लाजिरवाणे आहे. मैदानावर न जाता ते भिंतीला टेकून बसते आणि मनातल्या मनात सामना खेळते. आपण म्हणतो, पोर घुम्मे आहे.

पुन्हा फ्लॅनरीकडे वळू. आजारानंतर ती आईच्या शेतावर, मिलेजव्हिल गावाबाहेरच्या ‘अँडालुसिया’ नावाच्या घरी राहायला आली. जिने चढणे होईना म्हणून तळमजल्यावरच्या खोलीत तिची खाट लावली. डुकरांच्या ग्रंथींपासून काढलेले संप्रेरक त्या वेळी या आजारावर देत. त्याने जीव वाचला, पण हाडे खिळखिळी झाली आणि १९५५ पासून कुबड्या आल्या. अंगात बळ उरे ते दिवसाकाठी दोन-तीन तासांपुरते. ते तिने सकाळी लिहिण्यासाठी राखून ठेवले. टेबल खिडकीकडे तोंड करून नव्हते, कपाटाच्या पाठीकडे होते. बाकी वेळ ती मोर पाळी, पत्रे लिही, अंगणात बसून शेतावरचे लोक न्याहाळी.

आजारी माणसाची कल्पनाशक्ती म्हटली की आपल्याला वाटते, बिचारा दुःख विसरायला स्वप्नरंजन करीत असेल. फ्लॅनरीच्या कथा वाचणाऱ्याला असे स्वप्नरंजन त्यात मुळीच सापडणार नाही. त्या कथा कठोर आहेत, हसवता हसवता चिमटा काढणाऱ्या आहेत. त्यांतली धार्मिक माणसे स्वतःला फार चांगली समजतात आणि तोंडघशी पडतात. कोंबडीचे चालणे तासन् तास निरखणाऱ्या त्या एकट्या मुलीचीच नजर पुढे माणसांवर स्थिरावली होती. कल्पना तिला आजारापासून दूर घेऊन गेली नाही. एका खोलीत आणि एका अंगणात जेवढे दिसते तेवढेच तिने पुरेपूर पाहिले.

१९५८ साली लूर्द येथील मरियामातेच्या दर्शनाला शंभर वर्षे झाली. एका वृद्ध नातलग बाईच्या आग्रहाखातर व तिच्या खर्चाने फ्लॅनरी आईसोबत तिकडे यात्रेला गेली. धर्मासाठी मरण पत्करीन, पण धर्मासाठी अंघोळ करणे जड जाते, अशी तिची थट्टा होती. तरी ती त्या पाण्यात उतरली. तिने तेथे आपल्या हाडांसाठी प्रार्थना केली नाही. हाती असलेल्या कादंबरीसाठी केली. काही महिन्यांनी कमरेचे हाड थोडे भरून येत असल्याचे डॉक्टरांना दिसले, आणि १९६० साली कादंबरीही प्रसिद्ध झाली. कोणती कृपा कुठून आली याचा हिशेब आम्ही मांडणार नाही.

पण तिला संतपद देण्याची घाई कुणी करू नये. जिने स्वतःची अदृश्य वेदना इतकी वर्षे सोसली, तिला आपल्या अंगणापलीकडची वेदना पूर्ण दिसली असे नाही. १९५९ साली जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाला जॉर्जियात भेटण्यास तिने नकार दिला. न्यूयॉर्कमध्ये भेटले असते, येथे नाही, असे तिचे म्हणणे. तेथील रिवाज मोडायची तिची तयारी नव्हती. तिच्या खाजगी पत्रांत कृष्णवर्णीयांबद्दल जे शब्द आहेत ते वाचून वाईट वाटते. २०२० साली मेरीलँडमधील लोयोला विद्यापीठाने एका वसतिगृहाला दिलेले तिचे नाव काढून तेथे सिस्टर थिया बोमन या कृष्णवर्णीय धर्मभगिनीचे नाव दिले. ‘दुःखाने माणूस शहाणा होतो’ असे आपण सहज म्हणून जातो. दुःखाने माणूस शहाणा होतोच असे नाही. ज्याचे जळते त्याला कळते, पण ते त्याचे त्याला कळते. दुसऱ्याचे कळायला पुन्हा कल्पनाच लागते आणि ती दर वेळी नव्याने करावी लागते.

हे आपल्या पालघर जिल्ह्यालाही लागू आहे. येथील आदिवासी पाड्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. आईबापांकडून तो मुलांत उतरतो. लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांतून अशी कळ उठते की माणूस गुरासारखा ओरडतो. थंडी, तहान, अतिश्रम यांनी ती कळ उठते. दोन दिवसांनी तोच माणूस कामावर हजर. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी या आजाराविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. तपासणी रक्ताच्या एका चाचणीने होते. वाडीत कामाला येणारा गडी महिन्यातून दोनदा येत नाही, तेव्हा तो दारू पिऊन पडला असेल असे आपण ठरवून मोकळे होतो. काही वेळा ते खरे असेलही. पण विचारले आहे का कुणी?

येथे एक शंका येणार. सगळ्यांवर विश्वास ठेवायचा म्हटले तर कामचुकारांचे फावेल. परीक्षेच्या दिवशी ज्याचे पोट दुखते आणि सुट्टी मिळताच जो क्रिकेट खेळायला पळतो तो मुलगा आम्हालाही माहीत आहे. शंका रास्त आहे, पण दोन्ही बाजूंचे नुकसान ताडून पाहा. सोंग घेणाऱ्यावर विश्वास ठेवला तर शाळेचा एक दिवस बुडतो. खरोखर आजारी असलेल्यावर अविश्वास दाखवला तर ते मूल पुढच्या वेळी सांगतच नाही, आणि कधी कधी ती पुढची वेळ हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात येते. शिवाय सोंगामागेही बहुधा काहीतरी असते. परीक्षेला पोट दुखणाऱ्या मुलाला कसली तरी भीती असते, आणि भीतीही दिसत नाही.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारी आहे, प्रभू येशू घाईने तिच्याकडे निघाला आहे, वाटेत गर्दी आहे. त्या गर्दीत बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली एक बाई आहे. तिचा आजार कुणाला दिसत नाही. दिसू नये अशीच तिची धडपड आहे, कारण नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध ठरते. वैद्यांवर तिचे सारे धन खर्च झाले आहे. ती मागून येऊन वस्त्राला हळूच शिवते आणि बरी होते. गोष्ट तिथे संपली असती तरी चमत्कार पुरा होता. पण प्रभू थांबतो. कुणी शिवले म्हणून विचारतो. शिष्यांना ते वेडेपणाचे वाटते. याईराच्या मनाची काय घालमेल झाली असेल! प्रत्येक क्षण मोलाचा, आणि हा मनुष्य भर रस्त्यात उभा राहून एका बाईची बारा वर्षांची कहाणी ऐकतो आहे. तिने त्याला सगळे खरे सांगितले, असे शुभवर्तमान म्हणते. बारा वर्षांचे सगळे सांगायला थोडा वेळ लागला असेल.

जुन्या आजाराच्या वाट्याला नेहमी हेच येते. घरात तातडीचे काहीतरी निघते, कुणाचा अपघात, कुणाची प्रसूती, कुणाचे मयत, आणि रोजचे दुखणे असलेला माणूस मागे सरकतो. त्याचे रोजचेच आहे ना, म्हणतात. याईराची मुलगी उठली. पण आधी त्या बाईचे बोलणे पुरे झाले.

फ्लॅनरी ओकॉनर ३ ऑगस्ट १९६४ रोजी एकोणचाळिसाव्या वर्षी वारली. शेवटच्या महिन्यांत हॉस्पिटलात डॉक्टर लिहिण्यास बंदी करतील म्हणून अर्धवट कथा ती उशीखाली लपवून ठेवी. जुलै महिन्यात तिने स्वतः होऊन आजाऱ्यांचा अभ्यंग मागितला. त्या काळी त्याला अंतिम अभ्यंग म्हणत आणि धर्मगुरू तेल घेऊन घरी आले की शेजारीपाजारी काय ते समजत. व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी या संस्काराचा नवा विधी दिला. हा संस्कार घेण्यासाठी मरणाच्या दारात असावे लागत नाही. गंभीर आजार असला की तरुणालाही तो घेता येतो, समज आलेल्या मुलालाही देता येतो, आणि आजार बळावला तर पुन्हा घेता येतो.

११ फेब्रुवारीला लूर्द मातेचा सण असतो. १९९३ पासून तोच दिवस जागतिक रुग्ण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपल्या चर्चमध्ये पुढच्या बाकांवर काठी टेकीत आलेली वडीलधारी माणसे असतात. मधल्या वयाचे आणि तरुण फारसे पुढे येत नाहीत. लोक पाहतील, मग विचारतील, ‘तुला काय झाले?’ ज्यांना रुग्णाभ्यंग घ्यायचा आहे त्यांनी आधीच्या रविवारपर्यंत कार्यालयातील वहीत नोंद करावी, असे धर्मगुरू दरवर्षी सांगतात. वहीत नाव, वय आणि वाडी एवढेच लिहायचे असते. आजाराचा रकाना त्या वहीत नाही.